आधी सुई, मग लेखणी: कागदावर भरलेल्या अक्षरांचा इतिहास

 

आजचा विषय तसा छोटासा आहे. एक सुई, थोडा दोरा, एक जाड कागद आणि त्यावर भरलेलं एक अक्षर. गेलं वर्षभर मी कागदावर अक्षरं भरायला शिकते आहे. हौस म्हणून सुरुवात केली. पण शिकता शिकता एक प्रश्न पुढे आला आणि तो मला इतिहासात घेऊन गेला. सुईनं अक्षर काढायला मुलींना पूर्वीपासून शिकवलं जात होतं, मग लेखणी त्यांच्या हाती इतक्या उशिरा का आली? आणि सुईनं त्यांनी जी वाक्यं भरली, ती वाक्यं कोणाची होती?

आपल्यापैकी अनेकांच्या आजोळी भिंतीवर एक काचेची फ्रेम असायची. दुसुतीच्या कापडावर रंगीत दोऱ्यानं भरलेलं ‘सुस्वागतम्’, नाहीतर ‘श्री’, नाहीतर मोर आणि त्याच्याखाली ‘वेलकम’. कोपऱ्यात बारीक अक्षरात भरणारीचं नाव. लग्नाआधी भरलेलं असेल तर नावामागे ‘कु.’ सुद्धा. आज त्या फ्रेमच्या मागे किती मोठा इतिहास उभा आहे ते पाहू.

सुई आणि लिहायचं पान यांची ओळख फार जुनी. युरोपात छापखाना येण्यापूर्वी पोथ्या कातड्यावर लिहीत. जनावराचं कातडं ताणून, घासून त्याची पानं करायची. ताणताना कातड्याला कुठे भोक पडे. कातडं महाग, टाकून देणं परवडत नसे. मग काही मठांमध्ये त्या भोकाच्या कडा रंगीत रेशमानं विणून, भरून घेत. स्वित्झर्लंडमधल्या एंगेलबर्ग इथल्या मठातल्या मध्ययुगीन पोथ्यांमध्ये अशी भरलेली भोकं आजही दिसतात. मजकूर शाईचा आणि त्याच्या मधोमध रेशमाची जाळी. लिहिणाऱ्याचं काम आणि सुई चालवणाऱ्याचं काम एकाच पानावर.

आपल्याकडेही सुई कागदातून जात होती, पण वेगळ्या कामासाठी. जरदोजीच्या कारखान्यात गेलात तर आजही ‘खाका’ बघायला मिळेल. पातळ कागदावर नक्षी काढायची आणि रेषेवरून सुईनं बारीक बारीक भोकं पाडत जायचं. मग तो कागद कापडावर ठेवून वरून रॉकेलमध्ये कालवलेली पूड बोळ्यानं फिरवायची. भोकांतून ठिपके खाली उतरतात आणि कापडावर नक्षी उमटते. इथे सुई कागदातून जाते, दोरा मात्र जात नाही. काम झालं की खाका बाजूला. कागद म्हणजे नुसता निरोप्या.

आता आपण इंग्लंडला जाऊ, कारण अक्षर आणि सुई यांची गाठ तिथे शाळेतच बांधली गेली.

तिथे मुलींना टाक्यांचा नमुना म्हणून एक कापड भरायला देत. त्याला सॅम्प्लर म्हणतात. तारीख असलेलं सर्वांत जुनं माहीत असलेलं ब्रिटिश सॅम्प्लर १५९८ सालचं आहे. जेन बॉस्टॉक हिनं ते भरलं आणि ॲलिस ली नावाच्या बाळाच्या जन्माची नोंद त्यात केली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ते ठेवलेलं आहे. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत सॅम्प्लरवर मुळाक्षरं आणि आकडे भरणं हा मुलींच्या शिक्षणाचा नेहमीचा भाग झाला. यामागे एक व्यवहारही होता. मोठ्या घरांमध्ये चादरी, टॉवेल, रुमाल यांवर मालकाची आद्याक्षरं आणि नग क्रमांक भरावे लागत, नाहीतर धुण्यात कपडे अदलाबदल व्हायचे. मोलकरीण म्हणून काम मिळवायचं तर अक्षर भरता येणं उपयोगी पडे.

गंमत अशी की ज्या गरीब मुलींना अक्षरं भरायला शिकवत, त्यांपैकी अनेकींना लिहायला शिकवत नसत. धर्मादाय शाळांमध्ये मुलींसाठी वाचन आणि शिवण पुरेसं मानलं जाई. वाचन कशासाठी, तर धर्मग्रंथ वाचता यावा म्हणून. लेखन हे हिशेब ठेवणाऱ्या मुलग्यांचं काम. वाचणारा माणूस दुसऱ्याचं ऐकून घेतो. लिहायला लागला की स्वतःचं सांगू लागतो. हा फरक शाळा चालवणाऱ्यांना नीट कळत होता, असं मला वाटतं.

इंग्लंडमध्ये १७५४ पासून लग्नाच्या नोंदवहीत वधूवरांनी सही करावी असा कायदा लागू झाला. ज्यांना लिहिता येत नसे त्यांनी खूण करायची. ती खूण बहुधा फुलीची असे. आणि सॅम्प्लरवरची अक्षरं ज्या टाक्यानं भरत तो टाकाही फुलीचाच! म्हणजे जी बाई अ ते ज्ञ अशी सगळी मुळाक्षरं फुल्या-फुल्यांनी भरू शकत होती, तीच बाई नोंदवहीत सहीच्या जागी एक फुली काढून बाजूला होत असे. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी हातातलं काम थोडा वेळ खाली ठेवलं.

या गोष्टीचं टोक पाहायचं तर एलिझाबेथ पार्करचं कापड पाहावं. हेही व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. साल साधारण १८३०. ससेक्समधल्या ॲशबर्नहॅमच्या मजूर कुटुंबातली ही मुलगी. लहान वयात घरकामाला लागली. ज्या घरी राहिली तिथे तिचे हाल झाले आणि जीव नकोसा होण्यापर्यंत वेळ आली. तिनं ही सगळी हकीकत पांढऱ्या कापडावर लाल रेशमानं, फुलीच्या टाक्यात भरली. नक्षी नाही, फूल नाही, किनार नाही. दीड हजारांहून अधिक शब्द, एकामागून एक. आरंभीच ती सांगते की आपल्याला लिहिता येत नाही, म्हणून हे असं मांडते आहे. शेवटचं वाक्य अर्धवट सुटलेलं आहे आणि त्याखालचं कापड कोरं आहे.

जरा विचार करा. अक्षरं तिच्या बोटांत होती. शब्द जुळवता येत होते. वाक्य बांधता येत होतं. तरीही तिच्या मते ते ‘लिहिणं’ नव्हतं. एकेका अक्षरासाठी दहा-वीस फुल्या घालत तिनं आपलं आयुष्य सांगितलं. पुढे ती सावरली, शाळेत शिकवू लागली आणि १८८९ पर्यंत जगली. शाळेत नमुना म्हणून शिकवलेल्या टाक्याचा तिनं स्वतःचं वाक्य सांगण्यासाठी उपयोग केला. आजच्या सगळ्या गोष्टीचा गाभा मला इथे दिसतो.

त्याच सुमाराला आपल्याकडे काय चाललं होतं?

१८२७ च्या अखेरीस सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन बाई मुंबईला आल्या. मिशनच्या मुलींच्या शाळा हे त्यांचं काम. पुढे त्या अहमदनगरला गेल्या आणि १८६२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तोही नगरलाच. अशा मिशन शाळांमध्ये वाचन-लेखनाबरोबर शिवणकाम असे. नगरची फरारबाईंची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली होती आणि त्यानंतर १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. त्यांच्यावर शेणमाती फेकली जाई हे आपण सगळे जाणतो.

फुल्यांच्या शाळेत शिकलेली एक मुलगी म्हणजे मुक्ताबाई. मांग समाजातली. १८५५ मध्ये तिचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. मांग आणि महार यांच्या दुःखाविषयीचा निबंध. आपल्या लोकांवर झालेले अन्याय तिनं त्यात रोखठोक मांडले आणि आम्हाला धर्म कोणता, असा जाबही विचारला. ॲशबर्नहॅमची एलिझाबेथ आणि पुण्याची मुक्ताबाई यांची तुलना करण्यात धोका आहे हे मला कळतं. जातीचा जाच आणि मजुरीतला जाच एकसारखे नसतात. पण दोघींच्या मधली पंचवीसेक वर्षं आणि हजारो मैल ओलांडून एक गोष्ट मात्र ठळक दिसते. एकीच्या हातात लेखणी दिलीच नव्हती, म्हणून तिला आपलं दुःख टाक्याटाक्यानं भरावं लागलं. दुसरीच्या हातात शाळेनं लेखणी दिली आणि तिचा आवाज छापून गावोगाव गेला. शाळेत मुलीला काय शिकवायचं, या वादात एवढं सगळं पणाला लागलेलं असतं.

आता कागदाकडे वळू. कारण याच शतकात कागदावर अक्षरं भरणं ही घराघरातली गोष्ट झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात यंत्रानं बारीक भोकं पाडलेला जाड कागद बाजारात आला. आडवी-उभी, सारख्या अंतरावरची भोकं. आपल्या दुसुतीच्या कापडासारखीच चौकट, फक्त कागदाची. त्यावर फुलीचा टाका घालणं सोपं. टाके मोजायचे आणि भरत जायचं. सुरुवातीला यावर पुस्तकात ठेवायच्या खुणा, छोट्या भेटवस्तू भरत. मग अमेरिकेत १८७० च्या दशकात याची लाट आली. आता नुसती भोकं नव्हती, कागदावर अक्षरंही आधीच छापून मिळू लागली. तुम्ही फक्त लोकर किंवा रेशीम ओवायचं. देव आमच्या घराचं भलं करो, आईविना घर कसलं, अशा अर्थाची वचनं भरून, लाकडी फ्रेम करून दारावर लावायची पद्धत पडली.

हे काम सुंदर होतं, स्वस्त होतं आणि अनेक बायकांना त्यातून आनंद मिळाला. ते कमी लेखायचं कारण नाही. पण एक बदल टिपायला हवा. एलिझाबेथनं कोऱ्या कापडावर आपलं वाक्य भरलं होतं. आता वाक्य कारखान्यातून येत होतं आणि बाईच्या वाट्याला दोरा उरला होता. आपल्या भिंतीवरच्या ‘सुस्वागतम्’चंही थोडंफार असंच. शब्द ठरलेला, मोर ठरलेला. भरणारीचं स्वतःचं म्हणावं असं तिथे एकच, कोपऱ्यातलं नाव. म्हणून ती फ्रेम दिसली की मी आता आधी कोपरा बघते.

तिकडे जर्मनीत फ्रीड्रिश फ्रोबेल कागद आणि सुईचा वेगळाच उपयोग करत होते. १८३७ मध्ये त्यांनी लहान मुलांसाठी काम सुरू केलं आणि १८४० मध्ये त्याला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. मुलांच्या हातांना द्यायच्या त्यांच्या उद्योगांमध्ये कागदाला टोचून आकृती काढणं, त्या भोकांतून रंगीत दोरा ओवणं आणि कागदाच्या पट्ट्या विणणं, हे सगळं होतं. शिवाय हे उद्योग मुलगे आणि मुली दोघांसाठी. इथे सुई ‘मुलींचं काम’ या खान्यातून बाहेर आली.

यातल्या पट्ट्यांच्या विणकामातून पुढे एक मोठी गोष्ट निघाली. मारिया माँटेसरींनी ती स्वतः सांगितली आहे. बौद्धिक वाढ मंद असलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलीला त्या रफू करायला शिकवत होत्या. सुई एकदा धाग्याच्या वरून, एकदा खालून न्यायची, हे तिला काही केल्या जमेना. मग माँटेसरींनी सुई बाजूला ठेवली आणि तिला फ्रोबेलच्या कागदी पट्ट्या विणायला दिल्या. तेच वरून-खालून, पण मोठ्या मापात. ते हाताला बसल्यावर पुन्हा सुई दिली, तर ती मुलगी रफू करू लागली. माँटेसरींनी यातून सूत्र काढलं की एखादं काम करायच्या आधी त्या कामाची हालचाल हाताला शिकवता येते. मग लिहिण्याचीही हालचाल लिहिण्याआधी का शिकवू नये? खरखरीत कागदाची अक्षरं बोटानं गिरवायची त्यांची पद्धत या विचारातून पुढे आली. १९०७ मध्ये रोममधल्या कामगार वस्तीत त्यांचं बालगृह सुरू झालं. तिथली चार-पाच वर्षांची मुलं बोटांनी गिरवता गिरवता एक दिवस आपसूक लिहू लागली.

ही पद्धत आपल्याकडे रुजवण्यात एका मराठी बाईचा मोठा वाटा आहे. ताराबाई मोडक. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी काम केलं. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. महागडी परदेशी साधनं तिथे कुठून येणार? बिया, खडे, शिंपले, पानं, जे हाताशी आहे त्यातून साधनं केली. आपल्या बालवाडीत भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यातून बुटाची नाडी ओवणारं पोर तुम्ही पाहिलं असेल. ते पोर कोणत्या वंशावळीतलं आहे, हे आता तुमच्या ध्यानात आलं असेल.

आता मी काय शिकले ते सांगते, म्हणजे तुम्हालाही करून बघता येईल. हा इतिहास बोटांनी वाचला तर जास्त कळतो.

कागद जाड घ्या. स्टेशनरीच्या दुकानात कार्डशीट मागा, म्हणजे लग्नपत्रिकेला असतो तसा. अक्षर आधी साध्या कागदावर पेन्सिलनं काढा आणि तो कार्डावर चिमट्यांनी पक्का बसवा. खाली घडी घातलेला टॉवेल किंवा थर्माकोलचा तुकडा ठेवा. मग रेषेवर दोन-तीन मिलिमीटर अंतरानं टाचणीनं भोकं पाडा. म्हणजे आपण खाकाच करतो, फक्त या खाक्यातून दोराही जाणार आहे. सगळी भोकं आधी पाडून घ्यायची, दोरा नंतर. भरतकामाच्या सहापदरी दोऱ्यातले दोन पदर पुरतात. मागे गाठ मारू नका, कागद फुगतो. दोऱ्याचं टोक चिकटपट्टीनं मागे चिकटवा. टाका उलट्या टिपेचा घाला, म्हणजे रेषा अखंड दिसते. दोरा ओढताना कागदाच्या सरळ वर ओढा. तिरका ओढला तर भोक फाटतं.

आपल्या लिपीची एक खास अडचण आहे, ती शिरोरेषेची. टपालाची तिकिटं आपण कशी फाडतो? भोकांच्या ओळीवरून. इंग्लंडमध्ये १८५४ पासून तिकिटं अशी भोकांसह मिळू लागली. जवळजवळ भोकांची सरळ ओळ म्हणजे कागदाला ‘इथून फाट’ असं सांगणं. शिरोरेषा नेमकी तशीच असते. म्हणून तिथे भोकं लांब ठेवायची, सेंटिमीटरभर सरळ टाका चालतो. वळणावर उलट करायचं. ‘ळ’ची दोन वेटोळी, ‘थ’ची गाठ, ‘अ’चं पोट इथे टाके बारीक हवेत, नाहीतर गोलाईला कोपरे येतात. अनुस्वाराला गाठीचा टाका घाला, मोत्यासारखा उठून दिसतो. ‘क्ष’ किंवा ‘श्र’ भरायचं असेल तर अक्षर मोठं काढा, कारण तिथे भोकांची गर्दी होते. सुरुवातीला ‘घर’ भरून बघा. दोन अक्षरांत वळण, दांडा, तिरकी रेषा आणि शिरोरेषा, सगळं येतं.

कापड आणि कागद यांत मुख्य फरक असा की कापडावरचा टाका उसवला तर धागे पुन्हा जवळ येतात, खूण पुसट होते. कागदावरचं भोक कायम राहतं. त्यामुळे टोचायच्या आधी ठरवावं लागतं. एक शब्द भरायला संध्याकाळ जाते आणि त्या वेळात शब्द आपोआप तोलला जातो. हा खरंच भरण्याजोगा आहे का? हा माझा आहे का?

वर्षभरात मला सगळ्यात कठीण हेच गेलं. टाके हाताला लवकर बसले. कोणतं वाक्य भरायचं हे ठरवताना मात्र हात थांबायचा. पुस्तकातली वचनं चटकन आठवतात, स्वतःचं वाक्य मागावं लागतं. तेव्हा एलिझाबेथची आठवण येते. तिच्यापुढे नमुना भरपूर होता, तरी तिनं नमुना सोडला.

तर मंडळी, दोन विनंत्या. पहिली, तुमच्या घरात, आजोळी, माळ्यावर अशी भरलेली फ्रेम असेल तर ती खाली काढा. कोपऱ्यातलं नाव वाचा. कोणी भरली, कधी, तिला लिहिता येत होतं का, हे विचारून फ्रेमच्या मागे पेन्सिलनं लिहून ठेवा. विचारायची माणसं घरात आहेत तोवरच हे करता येतं. दुसरी, एक कार्ड घ्या आणि त्यावर कुठेही छापून न आलेलं एखादं वाक्य भरा. आईला, बहिणीला, मुलाला, कोणालाही पाठवायचं. चार शब्द पुरे. आणि कोपऱ्यात आपलं नाव भरायला विसरू नका.